कुंपणाबाहेरची नावं

त्या वर्षी मे महिन्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. जुलैत लुरा मेसरच्या रानातल्या तंबाखूची खालची पानं करपून वाजायला लागली. ऑगस्ट उजाडला तेव्हा डोंगरांमधलं धरणाचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की पंचेचाळीस वर्षं बुडालेला सोरवुड गावचा रस्ता वर आला. लोक मोटारी थांबवून काठावरून बघत. लुरा त्याच गावात जन्मली होती, पण तिला बघायला सवड नव्हती. समोर तीन एकर तंबाखू उभा होता आणि कापणारी माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा हॉयट.

तंबाखू कापताना कमरेची परीक्षा होते. वाकायचं, बुंध्याशी घाव घालायचा, झाड उचलायचं आणि काठीच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी सुळ्यावर बुंधा खुपसून ते काठीवर सरकवायचं. एका काठीला सहा झाडं. पानांचा चीक हाताला लागतो तो आधी पिवळा दिसतो, मग काळा होतो आणि साबणाला दाद देत नाही. त्या महिन्यात बावन्न वर्षांच्या लुराच्या बोटांचे ठसे घरातल्या प्रत्येक वस्तूवर असत, दुधाच्या बाटलीपासून बायबलापर्यंत.

सरकारी पत्र आलं, त्यावरही ते उमटले.

हॉयट कोठारात वरच्या आडव्या वाशांवर पाय फाकून उभा होता. ती खालून भरलेल्या काठ्या वर देत होती आणि तो त्या टांगत होता. वरून तंबाखूचा चुरा तिच्या डोळ्यांत पडत होता.

"काय लिवलंय?" तो म्हणाला. "वाच की. शाळंत जातीस न्हवं आता?"

शाळेची ही टोचणी वसंतापासून चालू होती. लुराची शाळा आठवीत सुटली होती. मार्चपासून दर शनिवारी दुपारी गावच्या आगबंबाच्या खोलीत कॉलेजची एक बाई मोठ्या माणसांचा वर्ग घेई, मिस यान्सी नावाची, समुद्राकडची. वर्गात पाच बायका आणि एक निवृत्त ट्रकवाला होता. पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक आणलंच नाही. त्यांनी आणलं एक पोस्टकार्ड, प्रवासी लोक इथून विकत नेतात तसलं. त्यावर दारूचा बुधला कुशीत घेऊन झोपलेला अनवाणी डोंगरी माणूस आणि शेजारी डुक्कर. सगळे हसले. बाईंनी हसू संपू दिलं आणि फळ्यावर चार प्रश्न लिहिले. हे कोण बोलतंय? कोणाशी? यात कोण नाही? आणि यातून कोणाचं भलं होतं?

"ह्यात बाईमानूस न्हाई," ट्रकवाला बऱ्याच वेळाने म्हणाला. "ती रानात राबत असंल. त्याबिगर ह्यो झोपलाच नसता."

पुन्हा हशा झाला. पण आता लोक पोस्टकार्डाला हसत होते. लुराने ते चार प्रश्न घरी येऊन कोठाराच्या दारावर पेन्सिलीने लिहून ठेवले. दार उघडझाप करताना रोज डोळ्यांखालून जात. हॉयट त्याला 'बाईसाहेबांचं बायबल' म्हणायचा.

तिने पत्र मोठ्याने वाचलं. तळ्याच्या आणि भोवतालच्या रानाच्या कचेरीचं होतं. "धरणापूर्वी सोरवुड खोऱ्यात तुरळक वस्ती होती. रहिवाशांनी स्वेच्छेने स्थलांतर केले. तेथील दफनभूमीत एकवीस थडगी असून भेट देणाऱ्यांची संख्या घटत आहे. सबब पुढील वर्षापासून सजावटीच्या दिवसाची बोट बंद करण्याचे योजिले आहे. हरकती सप्टेंबरच्या सुनावणीत, प्रत्येकी तीन मिनिटांत मांडाव्यात."

वर हॉयटचे हात थांबले. सोरवुडचं गाव बुडालं, तरी दफनभूमी टेकडीवर असल्याने वाचली होती. तिथे जायला बोट, नाहीतर रानातून अकरा मैलांची चढण. वर्षातून एकदा, थडगी सजवायच्या दिवशी, कचेरीची बोट सगळ्यांना पलीकडे नेई. लोक थडग्यांवरचं गवत खरवडून काढत, माती चढवून उंचवटे नीट करत, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहत आणि मग तिथेच चादरी अंथरून मक्याची पोळी, चवळी, कोंबडी आणि सफरचंदाचा थरांचा केक खात. लुराची आई तिथे होती. लुरा सहा वर्षांची असताना गेली. आईचा फोटो नव्हता. होता तो मातीचा उंचवटा, आणि तो दर वर्षी आपल्या हातांनी सारखा करायचा.

"गेली म्हनायची बोट," हॉयट म्हणाला. "सरकारपुढं शहाणपन चालत न्हाई. दे काठी."

लुराने काठी दिली नाही. ती दाराशी गेली.

"हॉयट, मानसं घटली म्हंत्यात. गेल्या दोन वर्सांत बोट कवा सोडली त्यांनी?"

"बुधवारी."

"अन् त्याच्या आधी?"

"रैवारी." तो वाशावरच बसला. "आयला. बुधवारी मानसं कामावर जात्यात."

"मग ही मानसं घटली, का घटवली?"

"दे बये काठी," तो म्हणाला, पण आवाज बदलला होता. "हात चालू ठेवून बोल काय बोलायचं ते."

त्या आठवड्यात दिवसभर कापणी झाली की लुरा जेवणाच्या टेबलाशी बसून लिही. शेजारी तिची ऑर्फा आत्या कागदाच्या पाकळ्या कातरत असे. बहात्तर वर्षांची, लग्न न केलेली, गुडघे गेलेले, पण बोटं अजून तरतरीत. टेकडीवरच्या एकवीसही थडग्यांची फुलं तीच करायची. लुराने चार पानं लिहिली. बुधवारचं लिहिलं, आईचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की आम्ही सोरवुडची माणसं एकमेकांना धरून होतो, आमच्या खोऱ्यात परकं कोणी नव्हतं.

मिस यान्सींनी पानं वाचली. चिकाच्या डागांवरून त्यांचं बोट फिरलं, पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत.

"बुधवारची गोष्ट पकडलीत, त्याला तोड नाही," त्या म्हणाल्या. "आता एक सांगू? कचेरीच्या कागदाला तुम्ही चारही प्रश्न विचारलेत. स्वतःच्या कागदाला एकही नाही."

लुराला सगळ्या वर्गासमोर कानाखाली बसल्यासारखं वाटलं. "माज्या कागदात खोटं काय हाय?"

"खोटं आहे असं मी म्हटलं नाही. यात कोण नाही, एवढंच विचारा. मला ठाऊक नाही. मी इथली नाही."

ती तडक निघाली. गाडीत बसून तिने बाईंना मनसोक्त शिव्या दिल्या. समुद्राकडची बया, हिला काय कळतंय सोरवुडचं! पण प्रश्न एकदा कानात शिरला की शिरला. घराच्या वळणाला न वळता ती सरळ तळ्यावर गेली, बूट चढवले आणि भेगाळलेल्या गाळातून खाली उतरली.

रस्ता ओळखीचा निघाला. पावलांना आठवत होता. शाळेच्या पायऱ्या, चर्चचा दगडी पाया आणि त्यांच्या स्वतःच्या घराची चूल, धुराड्याशिवाय. तिने उंबरठे मोजायला सुरुवात केली. बावीस झाले. बावीस घरांना ही कचेरी तुरळक म्हणते! तिचं रक्त तापलं. मग ओढा ओलांडून ती लाकूडगिरणीच्या बाजूला गेली. तिथे लहानपणी जायची बंदी होती. गिरणीच्या पायामागे एका ओळीत लहान लहान चुली होत्या. नऊ. एका चुलीत बिडाचा तवा गंजून दगडाला चिकटला होता.

पाणी ओसरल्याने बोट लागली नाही, ती तशीच टेकडी चढून दफनभूमीत गेली. आईच्या उंचवट्याशी थोडी बसली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने कुंपणाच्या बाहेर पाहिलं. खालच्या अंगाला झुडपांची जाळी होती. ती तारेतून वाकून पलीकडे गेली, तेव्हा तारेने पाठ ओरबाडली. झुडपांत दगड होते. आपोआप पडलेले नव्हेत. एक डोक्याशी, एक पायाशी, तोंड पूर्वेला, आपल्यांसारखंच. तिने नऊ जोड्या मोजल्या आणि आपल्या चार पानांतलं शेवटचं वाक्य आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

ती घरी आली तेव्हा आत्या मेण वितळवत होती.

"आत्या, गिरणीमागं कोन ऱ्हायचं?"

"गिरणीची मानसं."

"कोन?"

"काळी मानसं. कामाला आल्याली. आली अन् गेली."

"समदी न्हाई गेली. नऊ तिथंच हाईत, कुंपनाच्या भायेर."

आत्याने फूल मेणात बुडवलं ते वर काढलंच नाही. पाकळ्या सुटून मेणावर तरंगायला लागल्या.

"लुरा, त्यात पडू नगंस."

"का?"

"यादी पापानं दिल्याली हाय." आत्याचा पापा म्हणजे लुराचा आजा, एझेकिएल ग्रिंडस्टाफ, सोरवुडचा धर्मोपदेशक. "धरनवाला सायब आला हुता, थडगी किती म्हनून इचारत. पापा म्हनला, एकवीस. सायबानं कुंपनाखाली बोट दावलं. पापा म्हनला, त्ये नुसतं धोंडं हाईत."

"तुला कसं ठावं?"

"दौत कुनी धरली हुती? मीच." आत्याने मेणाखालचा जाळ कमी केला. "एका कागदावर आपली अन् त्यांची नावं नकोत म्हनला. आता तू कचेरीत जाऊन सांगशील की ग्रिंडस्टाफ लबाड हुता? मग तुजा बुधवार तरी कोन खरा मानंल? अन् तुज्या आईची बोट? ती तर हातची जाईल, पोरी."

हेच तर लुराला खात होतं. आजोबाचं झाकलं तर पान स्वच्छ राहत होतं, आणि बोटीची थोडी तरी आशा होती. हॉयटचं मत विचारलं तर तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." रात्रभर तिला आईचा उंचवटा दिसत राहिला, गवताने भरलेला. सकाळी ती रानात गेली, अडीचशे झाडं कापली, आणि दुपारी हात न धुता टेबलाशी बसून शेवटचं पान फाडलं.

"काय लिवतीस?" आत्याने विचारलं.

"नऊ धोंडं."

त्यानंतर सुनावणीपर्यंत आत्या तिच्याशी बोलली नाही. ताटलीसुद्धा सरकवून द्यायची.

सुनावणी तालुक्याच्या शाळेच्या व्यायामशाळेत होती. सोरवुडची चाळीसेक माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसली होती. हॉयटने आत्याला हाताला धरून आणलं. आत्या लुरापासून दोन रांगा मागे बसली. पुढे कचेरीचे मिस्टर ड्रेपर, इस्त्रीचा सदरा, समोर टिकटिकणारं घड्याळ. बाजूला टंकलेखन करणारी मुलगी.

लुराचं नाव पुकारलं. ड्रेपरनी कागदाची प्रत मागितली आणि डाग बघून ती दोन बोटांच्या चिमटीत कोपऱ्याला धरली.

"हे काय लागलंय?"

"तंबाखू," लुरा म्हणाली. "सप्टेंबर हाय, सायेब. सप्टेंबरात सुनावनी ठेवली, की आमचे हात असंच येनार."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. लुराने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळींत आवाज फाटला. मग बावीस उंबरठे आले, बुधवार आला, आणि लोक खुर्च्यांत पुढे सरकले. 'स्वेच्छेने' गेलेल्या माणसांपैकी कोणाला कोणी इच्छा विचारली होती, त्याने हात वर करावा, असं तिने लिहिलं होतं. तिने थांबून वाट पाहिली. एकही हात वर गेला नाही. मग तिने शेवटचं पान काढलं.

"सोरवुडात एकतीस चुली होत्या. आम्ही बावीसच सांगत आलो. दफनभूमीत तीस थडगी आहेत. आम्ही एकवीसच सजवत आलो. कचेरी म्हणते भेट देणारे घटत आहेत. नऊ थडग्यांच्या माणसांना बोटीवर या म्हणून कोणी सांगितलंच नाही, कचेरीने नाही आणि आम्हीही नाही."

खुर्च्या कुरकुरल्या. "हे काय नवीन काढलं हिनं?" कोणीतरी मोठ्याने म्हणालं. "आपल्याच घरात आग लाव म्हनं!"

ड्रेपर खूश झालेले दिसले. त्यांनी फायलीतून एक पिवळा कागद काढला. "मिसेस मेसर, ही त्या वेळची यादी. थडगी एकवीस. खाली सही एझेकिएल ग्रिंडस्टाफ. हे आपले कोण?"

"आजोबा."

"मग आजोबा खोटं बोलले, की आपण बोलताय?"

हेच आत्याने सांगितलं होतं, आणि हेच होत होतं. तरी आता मागे फिरणं तिला शक्य नव्हतं.

"आजोबा," ती म्हणाली. "आजोबा खोटं बोलले. अन् तुमच्या कचेरीला ते खोटं सोयीचं हुतं, म्हनून पंचेचाळीस वर्सं कुनी टेकडीवर जाऊन मोजलं न्हाई. दोन्ही लिवा."

घड्याळाची घंटा वाजली. "वेळ संपली," ड्रेपर म्हणाले.

मागे काठी आपटली. ऑर्फा आत्या उठत होती. हॉयट हात द्यायला गेला तर तिने तो झटकला. लुराने डोळे मिटले. आता ही सगळ्यांदेखत मला खोटं पाडणार, तिला वाटलं.

"माजं नाव ऑर्फा ग्रिंडस्टाफ," आत्या म्हणाली. "ती सही झाली तवा दौत मी धरली हुती. पोरगी खरं सांगतीया. पन तिला नावं ठावं न्हाईत. मला हाईत." तिने टंकलेखनाच्या मुलीकडे काठी रोखली. "लिवतीस न्हवं, बाय? झिल्फा हॉवेल. तिचा नवरा आयझम. ऱ्होडी पेटिट, गिरणीच्या पट्ट्यात घावून मेली ती. तिचं मूल, नाव ठेवायच्या आधीच गेलं. लॉटन गज. लॉटनचा बाप. मर्टिस, तिचं आडनाव मला आठवत न्हाई, गळा ग्वाड हुता. ऱ्हायलेली दोन मला ठावं न्हाईत. तेबी लिव. ठावं न्हाईत म्हनून लिव."

"बाई, आपली पाळी नाही. आणि प्रत्येकी तीन मिनिटं..."

"मी पंचेचाळीस वर्सं गप ऱ्हायले, बाबा," आत्या म्हणाली. "तू तीन मिन्टं गप ऱ्हा."

मुलगी टंकत होती. ड्रेपरनी तिच्याकडे पाहिलं, तरी ती थांबली नाही. लुराने पेन्सिल काढली आणि आपल्या शेवटच्या पानाखाली ती नावं उतरवून घेतली.

कचेरीचा निकाल थंडीत आला नाही, वसंतातही आला नाही. पाऊस मात्र आला आणि सोरवुडचा रस्ता पुन्हा बुडाला. मिस यान्सींनी शहरातल्या काळ्या माणसांच्या दोन चर्चांना ती नावं कळवणारी पत्रं घातली होती. त्यातल्या एकाचं उत्तर आलं.

मे महिन्यातल्या रविवारी कचेरीची बोट धक्क्याला नव्हती. हॉयटने आपली मासेमारीची चपट्या बुडाची होडी आणली. शेजारच्या आणखी चार आल्या. होडीत स्वयंपाकघरातली खुर्ची बांधून तिच्यावर आत्याला बसवलं. तिच्या मांडीवर खोक्यात मेणाची फुलं होती, तीस जुड्या. सगळी सोरवुडची माणसं आली होती असं नव्हे. काहीजण लुराशी अजून बोलत नव्हते.

एक उंच काळा म्हातारा मोटारीतून उतरला. त्याने स्वतःचं खोरं आणलं होतं. झिल्फा हॉवेलचा धाकटा मुलगा. त्याने खोक्यात वाकून पाहिलं.

"इतकी वर्षं ही फुलं कुठं होती?"

हॉयटने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"कुंपनाच्या आत," लुरा म्हणाली.

म्हातारा होडीत चढला आणि खोरं गुडघ्यांवर आडवं धरून बसला.

तेवढ्यात कचेरीचा रखवालदार धक्क्यावरून धावत आला. तिशीचा असेल. "थांबा! पलीकडे उतरायला परवाना लागतो. कागद कुठंय तुमचा?"

लुराने पिशवीतून चार पानं काढली. चिकाचे डाग आता तपकिरी पडले होते. ती तिने त्याच्या हातात ठेवली.

"ह्यो घे. मोठ्यानं वाच. अन् वाचताना इचार, ह्यात कोन न्हाई."

त्याने पानं उलटीसुलटी केली, शिक्का शोधला, तो सापडला नाही, म्हणून वाचायला लागला. तो दुसऱ्या पानावर होता तेव्हा हॉयटने इंजिनाची दोरी ओढली.

"अहो, कागद तरी घेऊन जा!" तो ओरडला.

"तुज्याकडंच ठेव," लुरा पाण्यावरून म्हणाली. "माज्याकडं त्याच्या पंचवीस नकला हाईत."